एमसीपीच्या खिडक्यांतले अंक का बिघडतात: मॅक्स ७२१९ च्या वायरिंगबद्दल सविस्तर उत्तर

प्रश्न थोडक्यात असा आहे. घरच्या फ्लाइट सिम्युलेटरसाठी बोईंग ७३७-८०० चे मोड कंट्रोल पॅनेल, म्हणजे ऑटोपायलटला वेग, दिशा, उंची सांगायचे एमसीपी, बांधायला घेतले आहे. मॅक्स ७२१९ या एलईडी अंक चालवणाऱ्या चिपची आठ अंकी तीन तयार मॉड्यूल, आर्डुइनो मेगा हा कंट्रोलर बोर्ड आणि त्याला सिम्युलेटरशी जोडणारे मोबीफ्लाइट सॉफ्टवेअर असा संच आहे. टेबलावर सगळे नीट चालले. अंक सुटे करून, वायरी लांबवून पॅनेलमध्ये बसवल्यावर मात्र तिसऱ्या मॉड्यूलचे अंक मंद दिसू लागले. मधूनच भलतेच आकडे येतात आणि कधीकधी सगळ्या खिडक्यांत ठिपक्यांसकट ८ पेटून राहतो. यूएसबी काढून पुन्हा घातली की ठीक. आता कोड बदलायचा, की टीएम १६३७ या दुसऱ्या चिपची मॉड्यूल घ्यायची?

दोन्ही नको. तुम्ही सांगितलेली तिन्ही लक्षणे वीजपुरवठ्याची आणि ग्राउंडची आहेत. माझ्या पहिल्या पॅनेलात हीच तिन्ही होती आणि मी जवळजवळ दोन महिने कोडमध्ये चूक शोधत बसलो होतो. तुमचे ते दोन महिने वाचावेत म्हणून जरा मुळापासून लिहितो.

आधी मल्टिमीटर घ्या. सगळ्या खिडक्यांत ८ दाखवा, प्रखरता पूर्ण ठेवा आणि तिसऱ्या चिपच्या १९ आणि ४ क्रमांकाच्या पिनांमध्ये व्होल्टेज मोजा. १९ म्हणजे पुरवठा, ४ म्हणजे ग्राउंड. मोजमाप चिपच्या पायावरच घ्यायचे. अ‍ॅडॅप्टरवर किंवा मेगाच्या पिनवर घेतले तर फसाल. मेगाजवळ ४.९ आणि तिसऱ्या चिपवर ४.३ असे काही दिसले, तर मंद अंकांचे कारण सापडले. मॅक्स ७२१९ ला किमान ४ व्होल्ट लागतात आणि ५.५ च्या वर न्यायचे नसते. ४.३ म्हणजे चिप जेमतेम तग धरून आहे.

हा पडलेला अर्धा व्होल्ट जातो कुठे, हे कळण्यासाठी चिप आत काय करते ते पाहावे लागेल. आठ अंक आपल्याला एकाच वेळी पेटलेले दिसतात, पण मॅक्स ७२१९ एका क्षणी एकच अंक पेटवते. पहिला, दुसरा, तिसरा असे आठही अंक फिरून पुन्हा पहिल्यावर येते आणि हा फेरा सेकंदाला साधारण ८०० वेळा होतो. प्रत्येक अंक फक्त एक अष्टमांश वेळ पेटतो, म्हणून त्या वेळात त्याला जास्त करंट द्यावा लागतो. एका सेगमेंटला, म्हणजे अंकाच्या एका रेघेला, ४० मिलिअँपिअर दिले, तर ठिपक्यासह आठ सेगमेंटचे झाले ३२०. तीन चिपांचे मिळून जवळजवळ एक अँपिअर! आणि हा करंट संथ वाहत नाही. अंक बदलेल तसा तुकड्यातुकड्याने, धक्के देत वाहतो. मेगाच्या यूएसबी बाजूला ५०० मिलिअँपिअरचा, आपोआप पूर्ववत होणारा फ्यूज आहे. त्यातून हा भार ओढला, की फ्यूज गरम होऊन स्वतःच व्होल्टेज खाऊ लागतो. पुढे बारीक जंपर वायरी, मॉड्यूलमागे मॉड्यूल जोडताना येणारे पिनांचे सांधे, त्यात एखादा सैल. शेवटच्या मॉड्यूलपर्यंत पोचेपर्यंत अर्धा व्होल्ट सहज जातो.

म्हणून पहिला बदल हा करा: अंकांना स्वतंत्र ५ व्होल्टचा, २ ते ३ अँपिअरचा अ‍ॅडॅप्टर द्या. बंद डबीतला, चांगल्या प्रतीचा घ्या. उघड्या एसएमपीएसवर, म्हणजे डबी नसलेल्या पॉवर सप्लायवर, २३० व्होल्टचे स्क्रू असतात आणि पॅनेलच्या मागे आपले हात सतत फिरत असतात. अ‍ॅडॅप्टरपासून एका टर्मिनल पट्टीपर्यंत ०.५ स्क्वेअर एमएमची किंवा त्याहून जाड वायर आणा आणि त्या पट्टीवरून प्रत्येक चिपला स्वतःची जोडी द्या: एक धन, एक ग्राउंड. पहिल्या मॉड्यूलमधून दुसऱ्याला, दुसऱ्यातून तिसऱ्याला अशी वीज पुढे ढकलू नका. सिग्नल साखळीने जाऊ दे, वीज मात्र प्रत्येकाला थेट. मेगाचे ग्राउंड त्याच पट्टीवर जोडायचे. ते विसरलात तर काहीच चालणार नाही. अ‍ॅडॅप्टरचे धन मात्र मेगाच्या ५ व्होल्ट पिनला जोडू नका. यूएसबीचे ५ आणि अ‍ॅडॅप्टरचे ५ कधीच नेमके सारखे नसतात, आणि दोघे एकमेकांत करंट ढकलत राहतात.

इथे एक बारीक गोष्ट नेहमी सुटते. मेगा चालू आहे आणि अंकांचा अ‍ॅडॅप्टर बंद, अशा स्थितीत मेगाच्या सिग्नल पिनांतून करंट चिपच्या आतल्या संरक्षक डायोडमार्गे शिरतो आणि चिप अर्धवट जागी होते. अंक फिकट, वेडेवाकडे दिसतात आणि कालांतराने चिप किंवा मेगाची पिन जाऊ शकते. त्यासाठी तिन्ही सिग्नल वायरींत (बिट नेणारा डेटा, त्यांना ठोके देणारा क्लॉक आणि शब्द पूर्ण झाल्याचे सांगणारा लोड) मेगाच्या टोकाला २२० ओहमचा एकेक रेझिस्टर घाला आणि आधी अ‍ॅडॅप्टर, मग यूएसबी हा क्रम पाळा. मी दोन्हींसाठी एकच स्विच असलेला विस्तार बोर्ड वापरतो, म्हणजे प्रश्नच येत नाही.

आता सगळीकडे ८ पेटण्याबद्दल. यात घाबरण्यासारखे काही नाही, आणि कारण समजले की उपाय आपोआप सुचतो. मेगा प्रत्येक चिपला १६ बिटांचा शब्द पाठवते. त्यातले चार बिट पत्त्याचे आणि आठ बिट मजकुराचे. उरलेले चार चिप वाचतच नाही. पत्ते १ ते ८ हे आठ अंकांचे. ९ डीकोडचा (आकड्यावरून सेगमेंट चिपनेच ठरवायचे का, त्याचा), १० प्रखरतेचा, ११ किती अंक फिरवायचे त्याचा, १२ चालू-बंदचा आणि १५ चाचणीचा. चाचणीच्या पत्त्यावर १ गेला, की चिप बाकी सगळे बाजूला ठेवून प्रत्येक सेगमेंट पूर्ण प्रखरतेने पेटवते. सातव्या अंकाचा पत्ता बिटांत ०१११ आहे. समजा क्लॉकच्या वायरीवर एक खोटा ठोका आला आणि शब्द एक घर पुढे सरकला. पत्त्याच्या जागी आता १११ आणि त्यामागे मजकुराचा पहिला बिट येतो. हा बिट ठिपक्याचा. ठिपका पेटायचा असेल तर झाला पत्ता ११११, म्हणजे १५, म्हणजे चाचणी. शब्द असाच सरकून प्रखरतेच्या किंवा अंकसंख्येच्या पत्त्यावर गेला, की अंक मंद होतात किंवा काही अंक गायबच होतात. मोबीफ्लाइट पुढे फक्त अंक पाठवत राहते, चाचणी बंद करण्याचा आदेश पुन्हा देत नाही. म्हणून ८ तसाच राहतो आणि यूएसबी काढून घातली, सगळी मांडणी नव्याने पाठवली गेली, की ठीक होतो.

हा खोटा ठोका येतो ग्राउंड हलल्यामुळे. अंकांचा तो धक्के देणारा करंट ज्या बारीक वायरीतून परत येतो, त्याच वायरीला सिग्नलही आपले शून्य मानत असेल, तर प्रत्येक धक्क्याला शून्य थोडे वर उचलले जाते. चिपच्या दृष्टीने क्लॉकची वायर क्षणभर खाली जाऊन वर आली, आणि तिने तो ठोका मोजला. वर सांगितलेली पट्टी आणि प्रत्येकाला थेट ग्राउंड ही यावरची अर्धी दवा आहे. उरलेली अर्धी कपॅसिटरमध्ये. प्रत्येक चिपच्या अगदी पायाशी, १९ आणि ग्राउंडच्या मधे, ०.१ मायक्रोफॅरडचा सिरॅमिक आणि १० मायक्रोफॅरडचा इलेक्ट्रोलिटिक असे दोन्ही हवेत. दहा सेंटिमीटर दूर लावलेला सिरॅमिक जवळजवळ लावलाच नाही असे समजा. सुटी चिप झिरो बोर्डवर, म्हणजे नुसत्या भोकांच्या बोर्डवर, बसवत असाल, तर ग्राउंडच्या पिना दोन आहेत, ४ आणि ९, आणि दोन्ही जोडायच्याच. एक सुटली तरी चिप चालल्यासारखी दिसते, अंकांच्या मागे न पेटवलेले सेगमेंट फिकट चमकत राहतात आणि माणूस भलतीकडे शोधत बसतो.

सिग्नलसाठी मेगापासून पहिल्या चिपपर्यंतचे अंतर अर्ध्या मीटरच्या आत ठेवा. एफआरसी, म्हणजे चपटी, अनेक वायरींची केबल वापरलीत तर डेटा, ग्राउंड, क्लॉक, ग्राउंड, लोड अशा क्रमाने वायरी घ्या. मधली ग्राउंडची वायर शेजाऱ्याचा गोंधळ अडवते. मॉड्यूलवर लोडलाच सीएस लिहिलेले असते. त्यावर ग्राउंडकडे १० किलोओहमचा रेझिस्टर लावा, म्हणजे मेगा सुरू होतानाच्या क्षणभरात ही वायर लोंबकळत राहत नाही.

माझ्या पॅनेलात हे सगळे केल्यावरही ८ परत आलाच, आणि तोही नेमका ऑटोपायलट लावून वर चढताना. जमिनीवर उभ्या विमानात कधीच नाही. चारपाच दिवसांनी लक्षात आले, की थ्रॉटलच्या बाजूचे ट्रिम व्हील फिरले की अंक बिघडतात. ते फिरवणारी १२ व्होल्टची मोटर आणि अंक एकाच ग्राउंड वायरीवरून परत येत होते, आणि मोटरच्या ब्रशांच्या ठिणग्या थेट क्लॉकमध्ये शिरत होत्या. मोटरच्या दोन टोकांत ०.१ मायक्रोफॅरडचा सिरॅमिक लावला, तिचे ग्राउंड थेट अ‍ॅडॅप्टरपर्यंत वेगळे नेले, तिच्या वायरींना एकमेकींभोवती पीळ दिला आणि त्रास थांबला. तुमच्याकडे गिअर लिव्हरचा सोलेनॉइड किंवा रिले असतील, तर प्रत्येक कॉइलवर १एन४००७ डायोड उलटा लावला आहे ना, हे आजच पाहा.

स्वतःचा कोड लिहिणारे काही जण दर दोन सेकंदांनी चाचणी बंद, अंकसंख्या आठ, चिप चालू हे आदेश पुन्हा पाठवतात. विमानतळावरच्या प्रदर्शनात वगैरे पॅनेल ठेवायचे असेल तर मीही ते करीन. पण घरच्या पॅनेलात आधी वायरिंग दुरुस्त करा. असा कोड चूक झाकतो, आणि झाकलेली चूक पुढे नेमकी अ‍ॅप्रोचमध्ये, म्हणजे विमान उतरवताना, डोके वर काढते.

आता प्रखरता. तयार मॉड्यूलवर १८ क्रमांकाच्या पिनेला बहुधा १० किलोओहमचा रेझिस्टर असतो. सेगमेंटला किती करंट जाईल ते हा एकच रेझिस्टर ठरवतो. म्हणूनच प्रत्येक सेगमेंटला वेगळा रेझिस्टर लागत नाही आणि १ पेक्षा ८ मंद दिसत नाही. १० किलोओहम म्हणजे ४० मिलिअँपिअर, चिपच्या मर्यादेला टेकलेले. अंधाऱ्या खोलीत, अर्ध्या मीटरवर बसून पाहायच्या अंकांना एवढा करंट कशाला? लाल किंवा अंबर अंकांसाठी, ज्यांना सुमारे २ व्होल्ट लागतात, २८ किलोओहमला २० मिलिअँपिअर आणि ६४ किलोओहमला १० मिलिअँपिअर मिळतात. दुकानात २७ आणि ६८ सहज मिळतील. मी २७ वापरतो. एकूण भार एक अँपिअरवरून अर्ध्यावर येतो, ग्राउंडचे धक्के अर्धे होतात, चिपा थंड राहतात आणि सॉफ्टवेअरमधल्या सोळा पायऱ्यांपैकी चौथी-पाचवी पायरीच पुरेशी होते. सगळ्या उपायांत सर्वांत स्वस्त उपाय कोणता असे विचारलेत, तर मी हा तीन रेझिस्टरांचा सांगेन. पांढरे, निळे आणि शुद्ध हिरवे अंक ३ व्होल्टच्या वर मागतात, म्हणून पुरवठा थोडा पडला की सगळ्यांत आधी तेच मंदावतात. रंगाचा मोह असेल तर आधी पुरवठा पक्का करा.

खिडक्यांची वाटणी आता नीट करू, कारण लांब वायरींचा निम्मा गोंधळ चुकीच्या वाटणीतून येतो. डावा कोर्स (धरायच्या मार्गाची दिशा) ३ अंक, वेग ४, हेडिंग (विमानाच्या नाकाची दिशा) ३, उंची ५, व्हर्टिकल स्पीड (चढण्या-उतरण्याचा वेग) चिन्हासह ५, उजवा कोर्स ३. एकूण २३. चिपा तीन, जागा २४. डावीकडून उजवीकडे जात राहिलात तर वाटणी आपसूक बसते: पहिल्या चिपवर डावा कोर्स आणि वेग, सात अंक, दुसऱ्यावर हेडिंग आणि उंची, आठ, तिसऱ्यावर व्हर्टिकल स्पीड आणि उजवा कोर्स, आठ. कोणतीही खिडकी दोन चिपांत फुटत नाही. प्रखरता चिपगणिक ठरते, त्यामुळे फुटलेल्या खिडकीत अर्धे अंक एका छटेचे आणि अर्धे दुसऱ्या छटेचे दिसतात. ते एकदा नजरेत आले की विसरता येत नाही. पहिल्या चिपवर सातच अंक असले तरी फिरवण्याची संख्या आठच ठेवा. सात केलीत तर त्या चिपचा प्रत्येक अंक थोडा जास्त वेळ पेटतो आणि बाकीच्यांपेक्षा उजळ दिसतो.

प्रत्येक चिप तिच्या दोन खिडक्यांच्या मागे, पॅनेललाच बसवा. चिपपासून अंकांपर्यंत आठ सेगमेंट आणि आठ अंक अशा सोळा वायरी लागतात. सोळा वायरींची एफआरसी केबल बाजारात तयारच मिळते, आणि हा योगायोग फार कामाचा आहे. पुण्यात तापकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला केबल, कनेक्टर आणि बर्ग स्ट्रिप एकाच फेरीत होतात. ही केबल १५-२० सेंटिमीटरपेक्षा लांब करू नका. तुमची सध्याची रचना, म्हणजे तीन मॉड्यूल मेगाशेजारी आणि तिथून २४ अंकांपर्यंत सुट्या वायरींची मोळी, ही उलटी झाली आहे. जो करंट फिरत असतो त्याच्या वायरी लांब आणि तीन सिग्नलच्या वायरी आखूड. चिप अंकांजवळ न्या, सिग्नल लांबवा.

मॅक्स ७२१९ ला कॉमन कॅथोड अंकच लागतात. दुकानदार जे देईल ते घरी आणण्याआधी मल्टिमीटर डायोडवर ठेवून तपासा. ०.५६ इंची सुट्या अंकाला दहा पिना असतात आणि वरच्या-खालच्या ओळीतल्या मधल्या दोन, म्हणजे ३ आणि ८, कॉमन असतात. काळी तार कॉमनवर आणि लाल बाकीच्या पिनांवर ठेवल्यावर सेगमेंट पेटले, तर कॅथोड. उलटे झाले तर अ‍ॅनोड. ते परत द्या. सगळे अंक एकाच वेळी, एकाच खोक्यातून घ्या, आणि तीनचार जास्तीचे घ्या. पुढच्या वर्षी त्याच नंबरचा अंक आणलात तरी रंगछटा जुळेलच असे नाही.

चिपच्या पिना मात्र क्रमाने नाहीत, आणि इथे बहुतेकांची पहिली चूक होते. अंक शून्य ते सात अनुक्रमे २, ११, ६, ७, ३, १०, ५ आणि ८ या पिनांवर. सेगमेंट ए ते जी १४, १६, २०, २३, २१, १५, १७ वर आणि ठिपका २२ वर. डेटा १ वर येतो आणि २४ मधून बाहेर पडून पुढच्या चिपच्या १ ला जातो. क्लॉक १३ आणि लोड १२ तिन्ही चिपांना समान. हा तक्ता कागदावर लिहून पॅनेलच्या मागच्या बाजूला चिकटवा. आयसी बेस वापरा, चिप थेट सोल्डर करू नका. स्वस्त मॉड्यूलांवर अनेकदा मूळ उत्पादकाची चिप नसते, नक्कल असते; ती चालते, पण गोंगाटाला लवकर बिचकते. अशी एखादी चिप पुढे बदलावी लागली, तर बेसमुळे काम दोन मिनिटांचे होते.

वेगाच्या खिडकीत चार अंक का, हे ज्यांनी खरे पॅनेल जवळून पाहिले नाही त्यांच्यासाठी सांगतो. डावीकडच्या पहिल्या जागेवर एरवी काही नसते. वेग मर्यादेखाली जाऊ लागला की तिथे ए लुकलुकतो आणि मर्यादेवर गेला की ८. उरलेल्या तीन जागी नॉट किंवा मॅक, म्हणजे ध्वनीच्या वेगाच्या पटीतला वेग. चिपच्या स्वतःच्या डीकोडमध्ये शून्य ते नऊ, उणे, ई, एच, एल, पी आणि रिकामी जागा एवढेच आहे; ए नाही. त्यामुळे डीकोड बंद ठेवून सेगमेंट स्वतः पाठवावे लागतात. मोबीफ्लाइट आणि आर्डुइनोची नेहमीची लायब्ररी तसेच करतात. स्वतः लिहित असाल तर ठिपका, मग ए ते जी या क्रमाने ए अक्षराचे बिट ०१११०१११.

मॅक दाखवताना .७८ असे दिसायला हवे, पण अंकाचा ठिपका त्याच्या उजव्या खालच्या कोपऱ्यात असतो. म्हणजे ७ च्या आधीचा ठिपका हा खरे तर शंभराच्या जागेवरच्या, कोऱ्या ठेवलेल्या अंकाचा ठिपका. त्या अंकाच्या ठिपक्याची वायर जोडायची राहिली, तर मॅक ७८ असा दिसतो. मी पाहिलेल्या तीन घरगुती पॅनेलांत ही एक वायर राहिलेली होती. बाकीच्या खिडक्यांत ठिपक्याची वायर न जोडलीत तरी चालेल. उलट न जोडलेली बरी.

व्हर्टिकल स्पीडच्या खिडकीत अधिकचे चिन्ह सात सेगमेंटांत बसत नाही. त्यासाठी अधिक-उणे-एकचा वेगळा अर्धा अंक मिळतो. त्याची आडवी रेघ जी सेगमेंटला आणि उभी रेघ बी सेगमेंटला जोडा. उणेसाठी फक्त जी, अधिकसाठी दोन्ही. तो नाही मिळाला तर वर चढताना जागा कोरी ठेवा, उतरताना उणे. आणि ही खिडकी व्हर्टिकल स्पीडचा मोड लागेपर्यंत पूर्ण कोरी असते, तशीच वेगाची खिडकी व्हीनॅव्हमध्ये, म्हणजे चढण्या-उतरण्याचा मार्ग आणि वेग विमानाचा संगणक ठरवतो त्या मोडमध्ये, कोरी होते. कोऱ्या खिडक्या नीट जमल्या की पॅनेल खरे वाटू लागते. मला विचाराल तर अंकांच्या रंगापेक्षाही जास्त. कोर्स आणि हेडिंगमध्ये पुढचे शून्य दाखवायचे, ०४५ असे. उंचीत दाखवायचे नाही.

फिकट भुते दिसत असतील, म्हणजे शेजारच्या अंकाचा सेगमेंट या अंकात अंधुक दिसत असेल, तर क्रमाने तपासा: दोन्ही ग्राउंड पिना, एफआरसीची लांबी, दोन शेजारच्या पिनांमधला सोल्डरचा बारीक पूल. हा तिसरा नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. भिंग आणि कंटिन्युइटी दोन्ही वापरा.

टीएम १६३७ बद्दलही विचारले होते. ती वाईट चिप नाही, पण एमसीपीसाठी नको. ती कॉमन अ‍ॅनोड अंकांवर चालते, एका चिपला जास्तीत जास्त सहा अंक आणि चिपांची साखळी करता येत नाही, त्यामुळे प्रत्येकीला मेगाच्या स्वतःच्या पिना द्याव्या लागतात. चार अंकी मॉड्यूल घड्याळासाठी केलेली असतात. मधे अपूर्णविराम असतो, पण अंकांचे ठिपके बहुधा जोडलेलेच नसतात. ट्रान्सपाँडरला, म्हणजे रडारला विमानाचा कोड कळवणाऱ्या यंत्राला, छान बसतात, कारण तिथे ० ते ७ चे चारच अंक आणि ठिपका नाही. सहा अंकी, ठिपके असलेली मॉड्यूल ११८.००० ते १३६.९७५ च्या कॉम रेडिओला चांगली. फक्त काहींत अंकांचा क्रम तीन-तीनच्या गटांत उलटा असतो, ते आधी टेबलावर पाहून घ्या.

पुढे कधी मेगाऐवजी पिको किंवा ईएसपी ३२ हे कंट्रोलर बोर्ड वापरलेत तर एक लक्षात ठेवा. त्यांचे सिग्नल ३.३ व्होल्टचे आणि मॅक्स ७२१९ ला वरची पातळी ओळखायला किमान ३.५ हवेत. टेबलावर चालेल, पॅनेलात फसेल. मधे सिग्नलची पातळी उचलणारी ७४एचसीटी१२५ चिप घाला, तिला ५ व्होल्ट द्या. नावातला टी महत्त्वाचा आहे. नुसती एचसी घेतलीत तर काहीच सुधारणार नाही.

खिडकीवर काळपट धुरकट अ‍ॅक्रिलिक लावा, २ किंवा ३ मिलिमीटर. न पेटलेले सेगमेंट त्यामागे लपतात, आणि अंक काचेत कोरल्यासारखे दिसतात. साइन बोर्डवाल्यांकडे लेझरने कापून मिळते. प्रखरता ठरवायची ती हे अ‍ॅक्रिलिक लावल्यावर, खोलीतले दिवे घालवून.

कामाचा क्रम असा ठेवा. आधी अ‍ॅडॅप्टर, पट्टी आणि एकच चिप. रेझिस्टर २७ चा करा, कपॅसिटर लावा, सगळे ८ पेटवून व्होल्टेज मोजा, ४.८ च्या खाली नको. अर्धा तास चालू द्या. मग दुसरी चिप, पुन्हा मोजमाप, पुन्हा अर्धा तास. मग तिसरी. तिन्ही स्थिर झाल्यावरच मोटर, रिले आणि बॅकलाइट एकेक करून जोडा आणि प्रत्येकानंतर अंकांकडे पाहा. बिघाड परत आला, तर शेवटी काय जोडले ते तुम्हाला ठाऊक असेल.

आणि पहिल्या चिपवरची ती उरलेली रिकामी जागा. एका अंकाच्या जागेवर आठ सुटे एलईडी चालतात, आणि एमसीपीच्या एन१, स्पीड, लेव्हल चेंज, व्हीनॅव्ह, एलनॅव्ह, व्हीओआर-लोकलायझर, अ‍ॅप्रोच आणि हेडिंग सिलेक्ट या बटणांचे दिवे बरोबर आठ होतात. स्वतःचा कोड असेल तर ते जरूर करा. अंकांबरोबर दिव्यांचीही प्रखरता आपोआप कमी-जास्त होईल. मोबीफ्लाइटच वापरणार असाल तर ती जागा रिकामी राहू द्या आणि बटणांच्या दिव्यांसाठी ७४एचसी५९५ ही आठ आउटपुटांची चिप वेगळी लावा, त्याच पट्टीवरून स्वतःचे ग्राउंड देऊन.